पेइलानच्या कानाचं माप

"आठ दिवसांत तलवार घरात!" रुआन दाशेंगने बायकोच्या फोटोला ठणकावून सांगितलं. आणि का नाही सांगणार? लोंगच्वानमध्ये दर तिसऱ्या दुकानात तलवारीची भट्टी! इथली माणसं पाहुण्याला चहाच्या आधी तलवार दाखवतात. आणि अशा गावात त्याची पेइलान दहा वर्षं बागेतल्या बायकांबरोबर सकाळी तलवारीचा व्यायाम करत होती, तोही पत्र्याच्या, घडीच्या तलवारीने! "रिटायर झालो की खरी करून देतो," असं तो दरवर्षी म्हणायचा. बस डेपोतून तो जूनमध्ये रिटायर झाला. ऑगस्टमध्ये ती गेली.

आता छिंगमिंग, म्हणजे गेलेल्यांच्या समाध्या झाडायचा दिवस, महिन्यावर आला होता. त्या दिवशी खरी तलवार तिच्यापुढे नेऊन ठेवायची, एवढंच त्याला हवं होतं.

तो वू उस्तादांच्या दुकानात गेला. "संग्रहालयात काचेमागे ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे ना, आठ पैलूंची? हुबेहूब तशी करा. आमची ही तिच्यापुढून हलायचीच नाही."

"करतो की. पैलू तेच, मूठ तीच. पण लांबी?"

"तीच!"

"अरे, ती कुणा सेनापतीच्या हाताची! वहिनींनी फिरवली असती तर बाग नांगरून निघाली असती. मूठ डाव्या हातात उलटी धरायची, हात खाली सोडायचा, पातं खांद्यामागून वर. टोक बरोबर कानाशी आलं पाहिजे. बोल, वहिनींचा हात ते कान किती?"

अडतीस वर्षांचा संसार! दूध कितीला घ्यायची ते माहीत, भात किती शिजवायची ते माहीत, आणि तिचा कान कुठे यायचा ते माहीत नाही!

"उद्या सांगतो," म्हणून तो सटकला.

घरी दवाखान्याचे सगळे कागद काढले. उंची एकावर एकशे पंचावन्न, दुसऱ्यावर एकशे अठ्ठावन्न. कान कुठल्याच कागदावर नाही! पत्र्याची तलवार तिच्याबरोबरच समाधीत ठेवली होती, आणि ती तरी काय, दुकानातली, सगळ्यांना एकच माप. शेवटी त्याने तिचं निळं जाकीट हँगरला अडकवून दाराला टांगलं. हाताची लांबी मिळाली. पण जाकिटाला कान नव्हते.

सकाळी तो बांबूची पट्टी घेऊन बागेत गेला. पेइलानच्या अंगलटीच्या बायका तिथे चिक्कार होत्या. शेजारी उभं करून बघायचं, की आठवेल! फक्त खरं कारण सांगायचं नाही. बायकोचं माप विसरलो म्हणून बायकांपुढे कबूल करायचं? त्यापेक्षा बसखाली जीव दिलेला बरा!

"मोताई, जरा माझ्याजवळ उभ्या राहता?"

"कशाला हो?"

"असंच." त्याने तिच्या कानाकडे टक लावून पाहिलं. "नाही. तुम्ही दोन बोटं कमी."

"कमी? कशासाठी कमी?"

"तांगबाई, तुम्ही या. अं... तुम्ही जास्त."

"मी जास्त? अहो, स्वतःकडे बघा आधी! मापं काढतात!"

दुपारपर्यंत बागभर झालं, रुआन बायको निवडतोय, आणि कान बघून! दुसऱ्या दिवशी मोताई जाड टाचांचे बूट घालून आल्या. तांगबाई गुडघ्यांत वाकून चालायला लागल्या आणि वर छिंगमिंगला करतात त्या तांदळाच्या उकडीच्या हिरव्या गोळ्यांचा डबा! "घरी केलेत. आत तिळाचं सारण आहे. खाऊन बघा, मग काय मापायचं ते मापा." त्याला नाही म्हणता येईना. त्याने खाल्ला, तर मोताई भडकल्या. "तिचा खाल्लात ना? मग माझाही खायचा!"

बागेच्या टोकाला लग्नं जमवणाऱ्यांचा कोपरा आहे. तिथे उघड्या छत्र्यांवर स्थळांचे कागद लावतात. तिसऱ्या दिवशी एका छत्रीवर हे झळकलं: "रुआन, एकसष्ट. पेन्शन, दोन खोल्या, व्यसन नाही. कानाबाबत चोखंदळ."

संध्याकाळी हांगचौहून मुलीचा फोन.

"बाबा! छत्रीचा फोटो माझ्यापर्यंत आलाय! आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही!"

"लीवेन, ऐक तर..."

"कान कसले बघता? म्हशी घ्यायच्यात का?"

मग मात्र त्याला सगळं सांगावं लागलं. तलवार, उस्ताद, जाकीट. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तू लेक आहेस. तुला आठवत असेल. कुठे यायचा गं तिचा कान?"

"काय बाबा, एवढं साधं! माझ्या..." ती थांबली. "म्हणजे माझ्या इथे..."

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, मलाही नाही आठवत." दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना.

सकाळी रुआन उस्तादांकडे गेला. "रद्द करा. जो माणूस कान विसरतो त्याने तलवारी करू नयेत."

उस्तादांनी हातोडा बाजूला ठेवला. "डोक्याला कशाला विचारत बसलास? उभा राहा इथे. रस्ता ओलांडताना वहिनींचा हात धरायचास ना? धर."

रुआनचा हात खाली गेला आणि एका जागी थांबला.

"आता, दुसरं कुणी ऐकू नये असं काही सांगायचं असलं तर त्यांच्या कानाशी जायचास. जा."

तो किंचित वाकला. दुसरा हात आपसूक वर आला, आणि जिथे थांबला तिथून त्याला हलवावासाच वाटेना. एक हात खाली, एक वर, मान तिरकी! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

उस्तादांची बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "अगं बाई! भाऊजींना लचक भरली का?"

"गप," उस्ताद म्हणाले. बांबूची पट्टी रुआनच्या दोन हातांमध्ये धरून त्यांनी खूण केली. "झालं रे. घे हात खाली."

"थांबा जरा."

"अरे, माप झालं!"

"ते कळलं हो," रुआन त्याच वाकड्या मानेने म्हणाला. "चहा झाकून ठेवा."