ग्राफिक्स कार्डाची प्रतिष्ठापना

धनश्री शनिवारी दौंडला मावशीकडे गेली आणि रविवारी सकाळी तिच्या नवऱ्याने, बिरदेवने, ठरवले, की ती परत यायच्या आत कॉम्प्युटरमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड बसवून टाकायचे. अर्ध्या तासाचे काम. (बिरदेवने अर्ध्या तासाचे म्हणून घेतलेले काम अर्ध्या तासात संपल्याचे आजवर कुणी पाहिलेले नाही. तरी तो अजून हाच अंदाज सांगतो.)

बिरदेव सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क. गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम कार्डाशिवाय चालत नाही, हे त्याच्या डोक्यात तिथेच कुणीतरी भरवले होते. पण शिरूरच्या त्या दोन खोल्यांतला कॉम्प्युटर काही गेमसाठी घेतलेला नव्हता. धनश्री त्यावर लग्नपत्रिका करून द्यायची, आणि सध्या त्यात सुफियाच्या लग्नाची पत्रिका होती. सुफिया म्हणजे बिरदेवचा जिवलग दोस्त इम्तियाज, त्याची धाकटी बहीण. पत्रिकेत सात चाचा-मामूंची नावे कोणत्या क्रमाने घालायची, यावरून त्या घरात दोन महिने धुसफूस चालली होती. चौदाव्या प्रुफाला कुठे सगळे गप्प झाले होते.

बिरदेवने स्क्रू काढून कॉम्प्युटरचा डबा उघडला, तेवढ्यात त्याची आई बयाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन आली.

"नवं यंत्र हाय. तसंच बसवतोस व्हय?"

"आई, नाजूक असतंय ते."

"मंग देवाचा हात नको त्याला?" असे म्हणून तिने 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' केले आणि चिमूटभर भंडारा कार्डावर वाहिला. (चिमूट बयाबाईची होती. म्हणजे साधारण दोन चमचे.)

कार्ड खाचेत बसले. त्याच्या मागच्या तोंडावर प्लास्टिकचे एक टोपण होते, ते बिरदेवने तसेच राहू दिले. नव्या वस्तूचे प्लास्टिक आपल्याकडे काढतो कोण? त्याच्या घरी टीव्हीचा रिमोट सहा वर्षे पिशवीतच नांदत होता. मॉनिटरची वायर त्याने पूर्वीच्याच जागी खोचली आणि बटण दाबले.

पंखा फिरला. सगळा भंडारा उडून बिरदेवच्या तोंडावर आला. स्क्रीन मात्र काळा तो काळाच.

त्याने बंद करून चालू केले. वायरी हलवल्या. पुन्हा बंद, पुन्हा चालू. घड्याळात अकरा वाजले, मग बारा. धनश्रीची एसटी चारला येणार होती. शेवटी त्याने इम्तियाजला फोन लावला. इम्तियाजचे स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते.

इम्तियाज आला आणि दुसऱ्याच्या पेशंटकडे डॉक्टर बघतो तसे निवांत बघून म्हणाला, "सोपं हाय. कार्ड काढ, पहिल्यासारखं चालतंय का बघू."

"खबरदार!" बयाबाई स्वयंपाकघरातून कडाडली. "भंडारा वाहून बसवलंय. उद्या दिस उगवस्तोवर हलवायचं न्हाई!"

"पण मावशी..."

"देव बसवल्यावर लगीच उठवत्यात का रं?"

इम्तियाज लहानपणापासून बयाबाईच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग दोघांनी कार्ड सोडून बाकी सगळ्यावर इलाज केले. रॅमची पट्टी खोडरबराने घासली. पंखा टूथब्रशने पुसला. मॉनिटरला टीव्हीला मारतात तशी चापट मारली.

"बिरू, ह्यात म्हत्त्वाचं काय न्हाई ना?" घाम पुसत इम्तियाजने विचारले.

"तसं काय न्हाई. धनश्रीच्या पत्रिका हायत थोड्या."

"कुणाच्या?"

बिरदेव पुसलेला पंखा पुन्हा टूथब्रशने पुसू लागला.

"बिरू, कुणाच्या?"

"सुफियाच्या."

इम्तियाज मटकन कॉटवर बसला. "चौदावं प्रूफ?"

"चौदावंच."

"थोरले मामू म्हनले हुते, आता एक अक्षर हललं तरी लग्नाला येनार न्हाई. या अल्ला!"

ज्या पोरीला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तिचे लग्न आपण एका गेमपायी अडवले, या विचाराने बिरदेवला खरोखर रडू फुटायचे बाकी राहिले होते. जीव मुठीत धरून दोघेही दाराकडे बघत बसले.

सव्वाचारला धनश्री आली. उघडा डबा, पिवळ्या तोंडाचा नवरा आणि कॉटवर डोके धरून बसलेला इम्तियाज, सगळे तिने एका नजरेत पाहिले. पिशवी ठेवली आणि ती कॉम्प्युटरच्या मागे गेली.

"अहो, हे टोपण कुणासाठी ठेवलंय?"

तिने टोपण काढले, मॉनिटरची वायर जुन्या जागेवरून काढून कार्डाला लावली आणि बटण दाबले. स्क्रीन लख्ख उजळला.

"वहिनी, आधी फाइल बघा! सुफियाची फाइल!" इम्तियाज ओरडला.

"फाइल कशाला?" धनश्रीने पिशवीतून एक गठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. कोऱ्या करकरीत पत्रिका होत्या, सातही नावे जिथल्या तिथे. "दौंडला मावशीच्या दिराचा प्रेस हाय. सीडी घेऊन गेले आन् छापूनच आणल्या."

बिरदेवच्या अंगातला जीव परत आला. पाठोपाठ तक्रारही आली. "अगं पण घाई काय होती? सोमवारी छापायला द्यायच्या ठरल्या हुत्या ना?"

"शुक्रवारी तांदळाच्या डब्यात हात घातला, तर ह्या कार्डाचा खोका हाताला लागला," धनश्री इम्तियाजला म्हणाली. "मंग मी थांबते व्हय? ह्यांनी मिक्सर उघडायच्या आधीसुदिक मी आठवड्याची चटणी वाटून ठेवते."