आर्मेलची पोटदुखी

मार्सेयमधल्या तिसऱ्या सकाळीही रोझेन बाजारातून तीच रव्याची रोटी घेऊन आली, आणि आर्मेलच्या पोटात दुखायला लागलं.

आर्मेल बेकरीवाला. फ्रान्सच्याच दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात गेली सव्वीस वर्षं तो पाव भाजत होता आणि सव्वीस वर्षं त्याची बायको रोझेन तो पाव मुकाट्याने खात होती. एवढं मोठं शहर दोघं पहिल्यांदाच बघत होते. बंदर झालं, टेकडीवरचं चर्च झालं, बोटीतून बेटावर जाऊन आले. पण रोझेन रोज बहिणीला फोन करून सांगायची ते वार्दिया नावाच्या अल्जेरियन बाईच्या रोटीबद्दल. बाई डोळ्यांसमोर तव्यावर भाजते, आणि तोंडात टाकली की विरघळते.

"माझ्या पावाबद्दल कधी केलास का बहिणीला फोन?" आर्मेलने विचारलं.

"ती आपल्या शेजारीच राहते," रोझेन म्हणाली.

चौथ्या दिवशी रोझेन संग्रहालय बघायला निघाली. येताना रोटी आणणार होतीच. आर्मेलने पोट दुखतंय म्हणून अंथरूण धरलं. खोटं तरी कसं म्हणावं? तिची पाठ वळताच तो उठला आणि विचारत विचारत ते दुकान गाठलं. एक रोटी घ्यायची, तिच्यात खोट काढायची आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

दुकानासमोर रांग होती. कोमोरोस बेटांवरच्या बायका, एक आर्मेनियन आजोबा, दोन खलाशी, सगळे तक्रार न करता उभे. आर्मेलच्या दुकानापुढे अशी रांग फक्त नाताळात लागायची. नंबर आल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, पिठाला पाणी किती घालता?

वार्दियाने त्याच्या हातांवरचे भट्टीचे जुने डाग बघितले.

"बेकरीवाले ना? मग देवानेच धाडलं तुम्हाला. दीर कंबर धरून घरी पडलाय. या आत, हात धुवा."

आर्मेलने कारणं सांगून पाहिली. मागून आजोबा म्हणाले की जा बाबा, आम्हालाही घरं आहेत. शेवटी आयतंच गुपित कळेल म्हणून तो आत गेला. गुपित काही नव्हतंच. रवा, तेल, मीठ, पाणी. पण पीठ हाताखाली आल्यावर आर्मेलला राहवेना. त्याने ते आपल्या पद्धतीने मळलं, मुरू दिलं, पुन्हा मळलं. तासाभरात चाळीस रोट्या झाल्या.

तेवढ्यात बाहेर रोझेनचा आवाज आला. आर्मेल झटकन रव्याच्या पोत्यामागे बसला. वार्दियाने बघितलं, पण विचारलं काही नाही. त्या बाजारात प्रत्येकालाच कुणापासून तरी लपायचं असतं.

रोझेनने गरम तुकडा तिथेच तोंडात टाकला.

"बाई, आजची म्हणजे कमालच. हिच्यापुढे तीन दिवसांच्या रोट्या काहीच नव्हत्या."

घशात माशाचा काटा अडकावा तसं वार्दियाने ते कौतुक गिळलं. रोझेन चार रोट्या घेऊन पुढे भाजी बघायला गेल्यावर ती आत आली.

"झालं तुमचं काम, दादा," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरचा एप्रन स्वतःच सोडवून घेतला. आभार वगैरे काही नाही. आर्मेलला राग आला नाही. हा आजार त्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

तो धावतपळत खोलीवर आला आणि पांघरुणात शिरला. थोड्या वेळाने रोझेन आली. पलंगावर बसून तिने रोटी मोडली, अर्धी त्याला दिली.

"खा. हाताला चव असते म्हणजे काय ते कळेल तुला."

आर्मेलने घास घेतला. रोटी खरंच झकास झाली होती. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण मग पोटदुखीचं सांगावं लागलं असतं, पोत्यामागचंही. आणि समोर रोझेन डोळे मिटून खात होती. सव्वीस वर्षांत तिला असं खाताना त्याने पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेही वार्दियाच्या नावाने.

तो बराच वेळ चावत राहिला.

"मीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला.

"जळतोस तू," रोझेन म्हणाली, आणि त्याच्या हातातला उरलेला तुकडाही काढून घेतला.