परसातल्या मातीचा नमुना

"आमच्या परसातल्या मातीइतकी सरळमार्गी माती दुसरी दाखवा!" असं मातीमास्तर प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगायचे. ठिकठिकाणची माती आणायची, चाळायची आणि ती किती किरणं सोडते ते मोजायचं, ही त्यांची नोकरी. काही किरणं मातीत जन्मजातच असतात, काही माणसांच्या उद्योगांनी येतात. मास्तरांच्या परसात म्हणे फक्त पहिलीच! म्हणून तुलनेसाठी ते दरवेळी घरचीच माती डब्यात भरून आणत.

त्या दिवशी डबा यंत्रात ठेवला आणि पडद्यावर भलत्याच जागी सुळका उभा राहिला. किरणोत्सारी आयोडीन! फार दिवस न टिकणारं. म्हणजे अगदी ताजं!

मास्तरांनी डबा बदलला. यंत्र पुसलं. हात सालं निघेपर्यंत घासले. सुळका ढिम्म!

"कुठंतरी अणुभट्टी फुटली!" त्यांच्या वरिष्ठ मॅडम किंचाळल्या.

"फक्त माझ्याच परसात कशी फुटेल, मॅडम?"

"मग तुम्ही घरी करता तरी काय?"

झालं! पांढरे प्लास्टिकचे पोशाख चढवून मॅडमसकट सगळं पथक मास्तरांच्या दारात हजर. मास्तरही त्यातच, उशीच्या अभ्र्यात कोंबल्यासारखे.

"ढेकणांचं औषध मारताय का?" शेजारीण कुंपणावरून ओरडली. "मग आमच्याकडंही मारा की!"

गुलाबाच्या वाफ्यापाशी मास्तरांच्या हातातला किरणमापक कुरकुरू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून ताई बाहेर आली. मास्तरांची थोरली बहीण. त्यांची बायको गेल्यापासून घर तीच सांभाळायची. नुकतीच मैत्रिणीकडं राहून परतली होती. मापक तिच्याकडं वळला मात्र, लाह्या फुटाव्यात तसा तडतडला!

"ताई, मागं हो! तुझ्याजवळ काहीतरी आहे!"

"माझ्याजवळ नाही रे," ताई म्हणाली. "मीच आहे ते."



"मैत्रिणीकडं गेलेच नव्हते. दवाखान्यात होते. गळ्यातल्या गाठीचा कॅन्सर आहे. त्यावर किरणं सोडणारं आयोडीनच देतात. चूळ भरलेलं पाणी तेवढं गुलाबाला घातलं. चुकलंच माझं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बायकोच्या आजारपणात तू वाळून काडी झाला होतास. पुन्हा तेच कशाला?"

परतल्यापासून ती वेगळं ताट घ्यायची, "लांब बस" म्हणून खेकसायची. मास्तर चक्क रुसले होते! 'ताईला माझा कंटाळा आला' असं ऑफिसभर सांगत सुटले होते.

"बरी होशील ना गं?"

"डॉक्टर म्हणाले, बघू."

मॅडमनी खुणेनं पथकाला बाहेर काढलं. "यंत्र बिघडलंय," त्यांनी शेजारणीला सांगितलं.

"आणि ढेकणांचं काय?"

मास्तर ताईकडं धावले.

"तिथंच थांब!"

थांबले. धुण्याच्या दगडावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. त्यांचे डोळे पुसायला ताई दोन पावलं पुढं आली, मग भान येऊन मागं सरली.

"पूस बघू डोळे."

मास्तरांनी बाही फिरवली. प्लास्टिकची बाही ती! पाणी टिपेना, नुसतं गालभर पसरत राहिलं.

"अरे वेड्या, आधी तो पोशाख तरी काढ," म्हणता म्हणता ताईचाही बांध फुटला, आणि दोघं परसाच्या दोन टोकांना बसून रडत राहिली.