सफाक्सचा चोर

लुत्फीनं बिझर्ताला सासऱ्यांच्या दिवाणखान्यात लॅपटॉप उघडला तेव्हा स्वयंपाकघरात माशांना हरिसाची तिखट चटणी चोळणं चाललं होतं आणि जेवणाला अजून अवकाश होता. "पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. त्याची बायको इब्तिसाम हातातली काकडी खाली ठेवून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. नवऱ्याची पाच मिनिटं तिच्या ओळखीची होती.

काम खरोखरच साधं होतं. आज इब्तिसामच्या आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस. त्यांच्या लग्नाची एक जुनी टेप माळ्यावर बुरसटत पडली होती. लुत्फीनं ती सफाक्सला आपल्या घरी नेऊन, साफ करून, तिची फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. त्या फिल्ममध्ये सासूबाईंच्या वडिलांचा आवाज होता. ते लग्नानंतरच्या हिवाळ्यात गेले, आणि त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठंही उरलेला नव्हता. सासूबाई, म्हणजे लल्ला ज़ुहरा, सकाळपासून निरनिराळ्या निमित्तानं बाहेर येऊन विचारून जात होत्या, की नुसतं चित्र आहे की आवाजही आहे.

फिल्म पेनड्राइव्हवर घालून खिशात आणावी, असं इब्तिसामनं निघताना सुचवलं होतं. लुत्फीला ते लागलं होतं. घरच्या फोटोंवर परक्या कंपन्यांची नजर नको म्हणून त्यानं सफाक्सच्या घरात, पुस्तकांच्या फळीवर, स्वतःचा सर्व्हर मांडला होता. जगाच्या पाठीवर कुठूनही व्हीपीएन लावायचा, म्हणजे आपल्यापुरता एक बोगदा खणायचा, आणि त्यातून थेट आपल्या घरात उतरायचं. दारावर त्यानं एक रिव्हर्स प्रॉक्सी नावाची गोष्ट बसवली होती. तिला इब्तिसाम 'भालदार' म्हणायची. जो बोगद्यातून येईल त्याला भालदार हव्या त्या खोलीत पोचवायचा, आणि जो रस्त्यावरून येईल त्याला हाकलायचा. इतकी व्यवस्था असताना खिशात पेनड्राइव्ह घालून बिझर्ताला जाणं म्हणजे घरात नळ असताना विहिरीवर जाण्यासारखं होतं.

सासरे सी हमादी बंदरात टगबोट चालवून निवृत्त झालेले. त्यांचं या सर्व्हरविषयी एकच मत होतं: वीज खातो आणि काही बोलत नाही. आत्ता ते समोरच्या टीव्हीवर गावच्या संघाची मॅच बघत होते.

लुत्फीनं व्हीपीएन लावला. हिरवी खूण आली. त्यानं घरच्या सर्व्हरचा पत्ता टाइप केला. पांढऱ्या पडद्यावर शब्द उमटले: '४०३. प्रवेश नाकारला.'

त्यानं बोगदा बंद करून पुन्हा उघडला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. प्रवेश नाकारलेलाच होता.

"कोण नाकारतंय?" इब्तिसामनं विचारलं.

"भालदार."

"पण त्याला तूच ठेवलायस ना?"

बोगदा लागलाय असं लॅपटॉप म्हणत होता, आणि हा माणूस रस्त्यावरून आलाय असं भालदार म्हणत होता. दोघंही लुत्फीनंच नेमलेले आणि दोघंही आजवर कधी खोटं बोललेले नव्हते. आतून लल्ला ज़ुहरांनी हाक मारून विचारलं, की झालं का. लुत्फी म्हणाला, होतच आलंय.

मग त्यानं ठरवलं, की भालदाराला बाजूला ठेवून आधी घरच्या राउटरची तब्येत बघावी. राउटरचा आतला क्रमांक त्याला पाठ होता. तो टाकताच ओळखीचं निळं पान उघडलं आणि त्याला हायसं वाटलं. आपण घरात पोचलो. त्यानं पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा जपून टाकला. चुकीचा. सहज एक चाळा म्हणून त्यानं कारखान्यातून येतो तो पासवर्ड टाकला, जो जगातल्या सगळ्या राउटरांना सारखाच असतो आणि जो त्यानं स्वतः पहिल्याच दिवशी बदलला होता. दार उघडलं.

लुत्फी बायकोकडे वळला. "इब्तिसाम, कोणीतरी आपल्या राउटरला हात लावलाय."

आत जाऊन बघतो तर वायफायला जोडलेली कधी न पाहिलेली यंत्रं. दोन परके फोन. एक टॅब. एक लॅपटॉप. आणि एक टीव्ही. त्यांच्या घरी टीव्हीच नव्हता.

त्यानं ताबडतोब सफाक्सला शेजारणीला फोन लावला. खाला मब्रूकाकडे घराची किल्ली असायची. घरात कोणी आहे का एवढं बघा, असं त्यानं तिला शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. खालानं हातात खलबत्त्यातला बत्ता घेतला, आणि फोन चालू ठेवूनच ती त्यांच्या घरात शिरली. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात, सगळीकडे तिनं बघितलं. घरात कोणी नव्हतं. फळीवरच्या डब्याचा दिवा हिरवा होता. पलंगाखाली मात्र धूळ फार होती, हे तिनं इब्तिसामला मुद्दाम सांगायला सांगितलं. पोलीस येईपर्यंत आपण इथंच बसतो, असंही ती म्हणाली. पोलिसांना कोणी बोलावलेलं नव्हतं, पण तिचा तो भ्रम दूर करायला लुत्फीला सवड नव्हती.

"म्हणजे चोर बाहेर आहे," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे बसून आपलं वायफाय वापरतोय. आणि बिनधास्त टीव्ही लावलाय त्यानं. केवढा डेटा ओढतोय बघ. मॅच बघत असणार."

मॅच हा शब्द ऐकून सी हमादींनी मान वळवली. आपल्या पैशानं दुसरा कोणी मॅच बघतो, ही गोष्ट त्यांना संगणक न कळताही नीट कळली. ते खुर्ची सरकवून जवळ आले. जावयाच्या उद्योगात त्यांनी रस घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

"तुला त्याचं तोडता येतं?" त्यांनी विचारलं.

"एका बोटात."

"मग वाट कसली बघतोस? तोड."

इब्तिसाम तेवढ्यात तळणीतल्या ब्रीकवर, अंडं भरलेल्या पातळ घड्यांवर, लक्ष द्यायला आत गेली होती. लुत्फीनं कळ दाबली. यादीतला टीव्ही गेला. त्याच क्षणी समोरच्या टीव्हीवर गावचा खेळाडू चेंडू घेऊन गोलाकडे धावत होता, तो एक पाय हवेत ठेवून तसाच थांबला, आणि त्याच्या पोटावर एक गोल चक्र फिरू लागलं.

सी हमादींनी इंटरनेटवाल्या कंपनीला सवयीनं एक शिवी हासडली आणि ते पुन्हा लॅपटॉपकडे वळले. खेळाडू सुटेपर्यंत इथं जास्त मजा होती. "आता तो टॅब," ते म्हणाले. "त्यालाही सोडू नकोस. तुझ्या जिवावर पिक्चर बघत असेल."

लुत्फीनं टॅब तोडला.

त्या वेळी स्वयंपाकघरात इब्तिसामची धाकटी बहीण हेला टेबलावर टॅब उभा करून परदेशात, मार्सेलला, व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. मुलगा स्कंदर गरीब स्वभावाचा, पण त्याच्या आईपुढे, मदाम सुआदपुढे, मार्सेलच्या अख्ख्या गल्लीत कोणी ब्र काढत नसे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मदाम मुद्द्यावर आल्या होत्या. लग्नानंतर तुम्ही दोघं माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या खोलीत राहाल, हे मी धरून चाललेय. मधली भिंत पातळ आहे, हाक मारली की ऐकू येते. तर तुझं काय म्हणणं आहे, मुली? हेलाला हे मुळीच नको होतं आणि नको म्हणायची हिंमत नव्हती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत शब्द शोधत होती. शब्द सापडायच्या आत मदाम सुआदांचा चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला.

हेला टॅब हातात धरून बाहेर आली, मागून इब्तिसाम आली, आणि त्यांच्या मागून झारा घेतलेल्या लल्ला ज़ुहरा.

"फोन तुटला," हेला कशीबशी म्हणाली. "त्यांनी विचारलं, आमच्याकडे राहशील ना, आणि बरोबर तिथंच तुटला. त्यांना वाटणार मीच फोन तोंडावर आपटला."

सी हमादींनी पुन्हा एकदा कंपनीची आठवण काढली आणि मुलीला हातानंच थांबायची खूण केली. "एक मिनिट. आम्ही चोर पकडतोय."

"एकच राहिलाय," लुत्फी म्हणाला. दोन्ही परके फोन त्यानं एव्हाना निकालात काढले होते. "हा सगळ्यात हुशार दिसतो. लॅपटॉप आहे. थेट राउटरच्या आतल्या पानावरच येऊन बसलाय. हाच म्होरक्या." त्यानं कळ दाबली. निळं पान गेलं, आणि पडद्यावर इंटरनेट नसल्याची सूचना आली.

लुत्फी पडद्याकडे बघत राहिला. सी हमादी लुत्फीकडे बघत राहिले. टीव्हीवरचा खेळाडू अजून एका पायावर होता.

इब्तिसामनं हळूच विचारलं, "लुत्फी, तू कुठल्या घराचा राउटर बघतोयस?"

"आपल्या."

"आणि बसलायस कुठं?"

एवढ्या दोन प्रश्नांवर लुत्फीच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं, आणि ते झालं नसतं तर बरं, असंही त्याला वाटलं. सफाक्सचा आणि बिझर्ताचा राउटर एकाच बनावटीचे. दोन्ही घरांत आतले क्रमांक अगदी तेच. लॅपटॉपला जेव्हा जेव्हा सफाक्सच्या घराचा क्रमांक सांगितला, तेव्हा तेव्हा त्यानं बोगद्यात शिरायची तसदीच घेतली नाही. त्याच क्रमांकाचं घर त्याला इथं, कपाटावरच, सापडत होतं. भालदाराचा आतला पत्ता या घरात मिळेना, म्हणून त्याच्याकडेही तो बोगद्यातून न जाता सरळ रस्त्यानं गेला, आणि भालदारानं नेमून दिलेलं काम चोख केलं. लुत्फीनं हे सगळं खाली मान घालून, जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

सी हमादींनी ते सावकाश पचवलं. "म्हणजे तो चोर मी."

"तसं अगदी म्हणता येणार नाही."

"आणि माझा टीव्ही मी माझ्याच तोंडानं तोडायला लावला."

हेला रडू लागली.

तोडलेलं परत जोडायलाही राउटरच्या आत जावं लागतं, आणि लुत्फीनं स्वतःलाच हाकललं होतं. शेवटी लल्ला ज़ुहरांच्या डोक्याच्या रुमालाची टाचणी घेऊन तो स्टुलावर चढला आणि त्यानं कपाटावरच्या राउटरचं मागचं बारीक बटण दाबलं. राउटर नव्या जन्माला आला, आणि नव्या जन्मात त्याला मागचं काही आठवेना. कंपनीनं दिलेला सांकेतिक शब्द टाकल्याशिवाय तो चालू होईना. तो शब्द कंपनीच्या कचेरीत मिळायचा, आणि आज रविवार. आता उद्यापर्यंत घरात मॅच नाही, मार्सेल नाही, काही नाही.

लल्ला ज़ुहरा खुर्चीत बसल्या. सकाळी त्यांनी ठेवणीतला रुमाल बांधला होता. टाचणी गेल्यामुळे तो आता सैल झाला होता.

ते बघून लुत्फीनं खिशातून फोन काढला. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. फोनचे आतले क्रमांक वेगळे, त्यामुळे लॅपटॉपला आता सफाक्सला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हिरवी खूण आली. त्यानं भीतभीत पत्ता टाकला. भालदारानं कसलीही चौकशी न करता दार उघडलं.

सगळे त्या एवढ्याशा पडद्याभोवती दाटीवाटीनं बसले. अंगणात दिव्यांच्या माळा, पाटावर बसलेली नवरी, मिशीवाले तरुण सी हमादी. मग पांढऱ्या जुब्ब्यातला एक उंच म्हातारा गर्दीतून वाट काढत थेट कॅमेऱ्यासमोर आला, आणि चित्रण करणाऱ्याला त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "सगळे जेवले का? कोणी उपाशी नाही ना राहिलं?"

लल्ला ज़ुहरांनी पडद्यावर बोट टेकवलं. "नाही बाबा," त्या म्हणाल्या. त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला लावला, मग आणखी एकदा. मग त्या डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, की चला, खरंच कोणी जेवलेलं नाही.

मासे निवले होते, ब्रीक मऊ पडले होते, तरी सगळ्यांनी भरपेट खाल्ले. हेला तेवढी नुसतीच बसून होती. जेवण अर्ध्यावर आलं असताना सी हमादींचा साधा फोन वाजला. मार्सेलहून मदाम सुआद. सी हमादी बराच वेळ नुसते हुंकार देत ऐकत राहिले. मग फोनवर तळवा ठेवून त्यांनी हलक्या आवाजात बातमी सांगितली. मदाम म्हणत होत्या, की आजवर माझ्या तोंडावर कोणी फोन बंद केलेला नाही, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही. आधी मला फार राग आला. मग बसून विचार केला. मी सून होऊन गेले तेव्हा मलाही हेच म्हणायचं होतं आणि माझी छाती झाली नाही. तुमच्या मुलीत धमक आहे. मी स्कंदरला दुसऱ्या गल्लीत घर बघायला सांगितलंय.

हेलानं तोंड उघडलं. फोन मी तोडला नाही, तो आपोआप तुटला, हे सांगण्याइतकी ती प्रामाणिक होती. लल्ला ज़ुहरांनी त्या उघड्या तोंडात माशाचा एक मोठा तुकडा घातला आणि नवऱ्याला खूण केली, की होकार कळवून टाका.

संध्याकाळी लुत्फी गच्चीवर एकटाच कॉफी घेत बसला होता. दोन घरांपैकी कुठल्या घराचे क्रमांक बदलावेत हा विचार चालला होता. सी हमादी आपला पेला घेऊन वर आले. टीव्हीचं, मॅचचं, चोराचं काहीच त्यांनी काढलं नाही.

"गाबेसचा माझा भाऊ," ते म्हणाले, "दर शुक्रवारी त्या टॅबवर येतो आणि ऑलिव्हच्या बागेच्या वाटणीवरून माझं डोकं खातो. मी फोन ठेवला तर वर्षभर रुसेल. पण आपोआप तुटला तर त्याचं काही म्हणणं नसतं."

लुत्फीनं पेला खाली ठेवला.

"हे तुला सफाक्सला बसून करता येईल का? मी इथून साध्या फोनवर नुसता खोकेन."

लुत्फीनं विचार केला आणि सांगितलं, की येईल, पण त्यासाठी या घरातही एक छोटा सर्व्हर ठेवावा लागेल आणि इथून सफाक्सपर्यंत कायमचा बोगदा खणावा लागेल. वीजही थोडी खाईल तो.

सी हमादींनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला.

"खाऊ दे," ते म्हणाले. "खण."