डावी कड टिपऱ्याची

बाळांनो, एका जंगलात फुटबॉल खेळत. हो, जंगलातच! दात काढू नका, नाहीतर इथेच थांबेन.

तिथे करंजमाळ तालीम मंडळ नावाचा एक छोटा क्लब होता. कप त्यांनी लांबूनच बघितलेला. मैदान उतरतं. पण त्यांच्याकडे टिपऱ्या ससा होता. तो डाव्या कडेनं चेंडू घेऊन सुटला की समोरचे नुसते वळून बघत राहायचे. अख्खा माळ त्याच्यावर जीव टाकायचा.

मग व्हायचं तेच झालं. सागवनातल्या बड्या क्लबानं टिपऱ्याला उचललं.

माळ ढसाढसा रडला. मंडळाचे अध्यक्ष रानरेडा यांनी हुंदका आवरून ठराव मांडला, "आजपास्नं डाव्या कडंला कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. ती जागा टिपऱ्याची!"

टाळ्या पडल्या. तेव्हापासून मंडळ एक गडी कमी घेऊन खेळू लागलं. सामन्याआधी डाव्या कडेला हार ठेवायचा, नारळ फोडायचा. मग समोरच्यांनी त्याच मोकळ्या कडेनं येऊन गोल मारायचे. हरलं की सगळे म्हणत, "बघा, टिपऱ्या नसला की असं हुतंय!"

आठवणी मात्र दरसाल वाढत होत्या. तिघांना चकवून मारलेला गोल आता सगळ्या संघाला चकवून, वर पंचालाही चकवून मारलेला होता. तो सांगावा कासवआबांनीच. "ह्या डोळ्यांनी बघितलाय!" म्हणायचे. खरं तर आबा मैदानावर पोचले तोवर सामना संपून गवत पुन्हा उगवलं होतं.

इकडे सागवनात टिपऱ्याला बाकावर बसवून ठेवलेलं. बसून बसून बिचाऱ्याचं पोट सुटलं. एक दिवस उठला आणि तडक माळावर आला.

"अध्यक्ष, एकच सामना खेळू द्या. आपल्या माळावर, आपल्या माणसांसाठी. झोपेतसुद्धा ती डावी कड दिसते मला."

"खेळ की," रेडा म्हणाला. "फकस्त डावी कड सोडून. ती टिपऱ्याची हाय."

"अहो, मीच टिपऱ्या!"

"असशील बाबा. पर आमच्या टिपऱ्याला पोट नव्हतं."

कासवआबा खवळले, "तू बघितलायस का रं त्याला खेळताना?"

टिपऱ्या काठावर जाऊन बसला. स्वतःला खेळताना त्यानं खरंच कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या सामन्याला वडाच्या टेकडीचा संघ आला. त्यांचा एक गडी आजारी पडला होता. त्यांनी काठावर बसलेल्या सशाला विचारलं, "येतोस का?" खेळायची भूक वाईट रे बाळांनो. तो उतरला.

चेंडू मिळाला आणि ससा त्याच कडेनं सुटला. पण उलट्या दिशेनं, आपल्याच माळावर चालून. अडवायला कुणी नव्हतं, फक्त त्याच्या नावाचा हार होता. त्यानं तो हळूच ओलांडला आणि गोल मारला.

मग रेड्यानं डोळे पुसले. "आज आपला टिपऱ्या असता, तर ह्या सशाला असा जाऊ दिला असता व्हय?"

"न्हाई न्हाई!" सगळे रडू लागले. ससाही मैदानाच्या मधोमध उभा राहून रडू लागला. त्यालाही टिपऱ्याची फार आठवण आली होती.

तात्पर्य: गुणी खेळाडूला समाज कधीच विसरत नाही. फक्त त्यानं मध्ये येऊ नये.