ऑर्विल टॅकेट यांची जुन्या गिटारीवरील स्वारी

टेनेसी मुलखीं, कुकव्हिल परगण्यांत, आरागिरणीचे निवृत्त सरदार राजमान्य राजश्री ऑर्विल टॅकेट व त्यांच्या सौभाग्यवती वज्रचुडेमंडित व्हर्लीनबाईसाहेब यांणीं जुनी गिटार कैसी हस्तगत केली, तें वर्तमान पदरचें तिखटमीठ न लावितां लिहितों.

गिरणीच्या पात्यानें खाशांचे, म्हणजे ऑर्विलसाहेबांचे, डावे हातचीं दोन बोटें जायबंदी जाहलीं, आणि भरोन आलीं तरी वांकडीं राहिलीं, आणि मग खाशांनीं रागें भरोन आपली गिटार विकिली, आणि मग चार वर्षें शेजारचे ओसरीवर शुक्रवारीं वाद्यें वाजों लागलीं कीं खासे खिडक्या लावोन घेत. हें बाईसाहेबांस सोसेना. सबब शनिवारीं न्याहारी होतांच हुकूम सुटला.

"ऑर्विल, बूट घाल. गिटार आणायचीय."

"माझी बोटं बघितलीस का?"

"रोज बघते. रिमोट बरा दाबता येतो त्यांना!"

मग पिकअप गाडीवर स्वारी निघोन पहिले गहाणवटीचे दुकानीं दाखल जाहली. भिंतीस गिटारांची फौज टांगिली होती. खाशांनीं एक उतरवोन, बंदूक रोखावी तैसी डोळ्यास लाविली, तों तिची मान, म्हणजे तारांची दांडी, धनुष्यासारिखी वांकलेली. दुसरे दुकानीं तांबडी गिटार बहुत चकाकत होती, परंतु तार छेडितांच बाटलींत माशी कोंडावी ऐसा नाद निघाला.

बाईसाहेब दुकानदारास वदल्या, "ही वाजवायची, की हिच्यावर फवारा मारायचा?" आणि फौज माघारी फिरली.

तिसरें ठाणें डेल्मर स्पर्लॉक यांचें. तेथें करवती आणि गवत कापावयाचीं यंत्रें यांचे गर्दींत एक पिंगट गिटार उभी, पाठीस चरा, तारा पांचच. खाशांनीं मान पाहिली, ती सरळ. खुंट्या पिळिल्या, त्या सुरीं ठरल्या. आणि मग वाजवावयाचा प्रसंग येतांच खाशांचा धीर खचला.

"राहू दे, व्हर्लीन. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट कुठे लावलंय?"

मग खाशांनीं बोटें टेकिलीं. पहिला सूर मेला. दुसरा अर्धमेला निघाला. तेव्हां जायबंदी दोघांस रजा देवोन उरल्या दोहोंवरच कूच केलें, आणि आगगाडी घाट चढावी तैसी चाल उठली, आणि यंत्र गहाण टाकावयास आलेला इसम यंत्र सोडोन टाचा आपटूं लागला, आणि डेल्मरसाहेबांनीं गल्ल्यावर ताल धरिला, आणि गुडघेदुखीनें बेजार बाईसाहेबांनीं करवतींमधोन गिरकी मारिली. खासे हसत होते कीं रडत, याचा निवाडा बखरकारास जाहला नाहीं.

"एकशेवीस डॉलर," डेल्मरसाहेब धापा टाकीत म्हणाले.

"चरा पडलाय, तार कमी आहे. नव्वद."

"मॅडम, आत्ता नाचलात की हिच्यावर!"

"नाचायचे वेगळे घेतोस काय? नव्वद!"

"न्या बाई, न्या!"

परतीचे मार्गीं गाडी बाईसाहेबांनीं हांकिली, कारण खासे गिटार मांडीवरोन उतरों देईनात. घर आलें, परंतु चाल संपली नव्हती. सबब घरावरोन गाडी तीन वेळां पुढें नेण्याचा हुकूम खाशांनीं फर्माविला, आणि बाईसाहेबांनीं तो, लग्न जाहल्यापासोन प्रथमच, एका शब्दानें न मोडितां पाळिला. येणेंप्रमाणें फत्ते जाहली.