मागच्या प्लॉटवरची वनराई

बारामतीच्या वाढीची काळजी अविराज गावडे सरांनी आपणहून अंगावर घेतली होती. कॉलेजात भूगोल शिकवून झाला की ते विकास आराखड्याच्या नागरिक समितीत बसत. प्रत्येक प्रभागात भाड्याची छोटी घरं हवीत, आणि भाडेकरूला जात, धर्म किंवा घरात काय शिजतं हे विचारायचं नाही, हे कलम त्यांनीच भांडून घालून घेतलं. चष्म्याचं दुकान चालवणारा इरफान त्यांचा जुना मित्र. भाड्याचं घर बघायला जाऊन त्यानं नाव सांगितलं की घरमालकाचा पुतण्या अचानक राहायला यायचा. सरांनी त्याला सांगून टाकलं, "इरफानभाई, आता घर मिळालंच समजा."

पुढे नकाशा आला. घरांची जागा नेमकी सरांच्या समता सोसायटीमागचा मोकळा प्लॉट निघाली.

सोसायटीची तातडीची सभा भरली. माणसांना विरोध करायचा नाही, ते आपल्या तत्त्वात बसत नाही, असं सरांनी निक्षून सांगितलं. विरोध तापमानवाढीला करायचा. प्लॉटवर वेडी बाभूळ माजली होती. ती काढावी म्हणून पूर्वी सरांचीच तक्रार होती. आराखड्यावरच्या सुनावणीत त्यांनी तिला 'नागरी प्राणवायू वनराई' म्हटलं. बोलता बोलता त्यांना ते पटलंसुद्धा. झाडं वाचावीत असं कोणाकोणाला वाटतं, अधिकाऱ्यांनी विचारलं. सगळे हात वर झाले. मागच्या रांगेत इरफानचाही होता. मित्र बोलणार म्हणून तो दुकान बंद करून आला होता. सरांनी तो हात पाहिला आणि नजर नकाशाकडं वळवली.

घरं शहराबाहेर, पणदऱ्याच्या वाटेवर ओढ्याकाठी गेली. इरफान भेटायला आला.

"सर, म्हंजे मी माझ्याच घराच्या विरोधात हात वर केला व्हय?"

"तसं नाही. तुम्ही पर्यावरणासाठी त्याग केलात."

"त्याग ठरवून करत्यात, सर. मला तर ठावंबी नव्हतं."

चहा न घेताच तो गेला. सरांना फार वाईट वाटलं. ते त्यांनी समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

वनराईत फिरणाऱ्यांना काटे टोचू लागले, म्हणून बाभळी काढल्या. धूळ उडू लागली, म्हणून सिमेंटचे ब्लॉक बसवले. ब्लॉक तापून सोसायटीतल्या घरांची भट्टी झाली, म्हणून सगळ्यांनी एसी घेतले. आपलंच कर्तृत्व आठवून सरांना कधीकधी हसू येतं; एसीचा गारवा लागला की ते थांबतं.

येत्या गुरुवारी समता सोसायटीत 'शहरं का तापतात' या विषयावर सरांचं व्याख्यान आहे. आपण अवश्य यावं. एवढ्या उन्हात चालत या, असं सर म्हणणार नाहीत. आपल्या गाडीसाठी मागच्या प्लॉटवर जागा राखून ठेवली आहे.